१२ एकर माळरान आहे, शेरडं-मेंढरं मोकळी पाळायची आहेत. किती घेऊ?

माणदेशी१२

नमस्कार मंडळी. मी मूळचा माण तालुक्यातला, सध्या पिंपरीत कंपनीत कामाला. गावी वडिलोपार्जित १२ एकर जमीन आहे. २ एकर विहिरीखाली, बाकी १० एकर नुसता मुरमाड माळ, एका अंगाला चढ. त्यावर कुसळी गवत, बोरी, बाभळी, हिवर आणि बांधाला मोजके लिंब. विहीर फेब्रुवारीत तळाला जाते, एप्रिलमध्ये प्यायच्यापुरतंच पाणी राहतं. आई-वडील गावीच असतात. वडिलांचे गुडघे गेलेत, त्यामुळे माळ तसाच पडून आहे.

अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या रँचचे व्हिडिओ बघून बघून डोक्यात किडा शिरलाय. चारी बाजूंनी तारेचं कुंपण, आत जनावरं मोकळी, पाण्याची एक टाकी, बास. चाऱ्याचा खर्च नाही, गोठ्याचं शेण काढायचं नाही. ५० शेळ्या आणि ५० मेंढ्या घ्यायचा विचार आहे. एक जण '५० अधिक २ चं युनिट', म्हणजे ५० शेळ्या आणि २ बोकड, जागेवर पोच देतो म्हणतोय. अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरलाय. १० एकरांत १०० जनावरं बसतील ना? जात कोणती घेऊ? आणि कुंपण केल्यावर राखायला माणूस लागतो का?

वाघरवाली (आटपाडी)

दादा, आधी मुहूर्त पुढं ढकला. आता मार्च चालू आहे. एप्रिल-मेमध्ये सुट्टी काढून गावी जा, दुपार कलल्यावर माळ उभा-आडवा चाला आणि शेरडाच्या तोंडानं बघा, खायला काय शिल्लक आहे ते. जमीन किती जनावरं पोसते ते मे महिना सांगतो. सप्टेंबरात कुठलाही माळ शंभर मेंढरांचा वाटतो, आमच्या घरामागचासुद्धा.

मी धनगराच्या घरात दिलेली. माहेरीही मेंढरं होती, पण खरं शिकले ते मामंजींच्या मागं हिंडून. त्यामुळं विकतच्या चाऱ्याचं मला फारसं विचारू नका, चालत्या जनावराचं विचारा.

हिशेब असा. ३० किलोच्या शेळीला दिवसाला साधारण एक किलो वैरण लागते, वाळल्या वजनात धरून. ओली असली तर चार-पाच किलो, कारण तिच्यात पाणीच जास्त. म्हणजे एका शेळीला वर्षाला ३६५ किलो. तुमच्यासारखा उघडा मुरमाड माळ बऱ्या पावसाच्या वर्षी हेक्टरी टनभर वाळलं गवत देतो. तुमचा १० एकर म्हणजे ४ हेक्टर, म्हणजे ४ टन. त्यातलं निम्मं जागेवर सोडायचंच, नाहीतर ना बी पडत ना ठोंबाला पुढच्या वर्षी जोर राहत. उरलं २ टन. त्याला ३६५ नं भागा. पाच-साडेपाच शेरडं आली. शंभर नाही, पाच.

घाबरू नका, शेरडू नुसत्या गवतावर जगत नाही. ते वर मान करून खाणारं जनावर आहे. बोरीचा पाला, हिवर, उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा. तुमच्याकडं ही झाडं आहेत म्हणून दहा-बारापर्यंत जाता येईल. विहिरीखालच्या दोन एकरांतलं अर्धा एकर वैरणीला दिलं, बांधाला शेवरी आणि सुबाभूळ लावली, ज्वारीचा कडबा विकला नाही, तर वीस. सुरुवातीला वीस मोठ्या शेळ्या म्हणजे तुमच्या माळाची हद्द. त्यातही मी पंधराच घेईन, कारण शेळी पाच महिन्यांनी विते, उस्मानाबादी असली तर बहुतेक वेळा जुळी देते, आणि करडं वाऱ्यावर वाढत नाहीत.

मेंढरू एकही घेऊ नका. माझ्यासारखीनं हे सांगावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण मेंढरू गवत खालून, पार बुडाला कुरतडतं. दहा एकरांत कोंडलेली पन्नास मेंढरं दोन वर्षांत माळाचा खडक उघडा पाडतील. आमची माणसं दिवाळी झाली की बाहेर पडतात ती काय हौसेनं? कुणी कृष्णा-नीरेच्या काठानं, कुणी पुण्याकडं, कुणी घाट उतरून कोकणात, आणि पावसाच्या तोंडावर माघारी. हजारो एकरांवरची निघालेली पिकं, बांध, रस्त्याच्या कडा, एवढं सगळं मिळून एक कळप पोसला जातो. बदल्यात शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, त्याचं धान्य नाहीतर पैसे घ्यायचे. माळ बदलत राहिला तरच मेंढरू परवडतं. तुमच्या व्हिडिओतल्या रँचचंही तेच आहे हो. तिकडच्या कोरड्या मुलखात एका गाईमागं कित्येक एकर कुरण धरतात आणि हिवाळ्यासाठी गवताच्या गंज्या घालून ठेवतात. व्हिडिओत घोडा आणि टोपी दिसते, गंजी दिसत नाही.

कुसळीचं वेगळं सांगते, कारण तुमचा माळ तिचाच आहे. हे गवत कोवळं असताना जनावर आवडीनं खातं. पावसाळ्याच्या शेवटी तिला तुरे येतात, आणि नंतर त्या तुऱ्यांची काळी-तांबूस कुसळं होतात. एक कुसळ हातात घेऊन बघा. टोक सुईसारखं, टोकाच्या मागं उलटी लव, आणि मागं पिळलेली लांब शेपटी. तळहातावर ठेवून थुंकी लावा, शेपटीचा पीळ सुटायला लागतो आणि कुसळ जिवंत असल्यागत गरगर फिरतं. ही त्याची जमिनीत घुसायची रीत आहे. लोकरीत अडकलं की दवानं भिजतं, पीळ सुटतो, आणि कातडीत शिरतं. कोकराच्या डोळ्यात, जिभेखाली, खुराच्या बेचक्यात मी नखानं काढलेली आहेत. वेळेवर नाही काढलं तर तिथं पू धरतो. म्हणून कुसळी फुलोऱ्यावर असतानाच कापायची, दोन-तीन दिवस उलटीपालटी करून वाळवायची आणि गंजी घालायची. तेच गवत मे महिन्यात कामाला येतं. उशिरा कापलेल्या कुसळीत काडी तेवढी उरते, कस नाही.

माळाचे चार भाग करा. दगडाच्या खुणा चालतील, तार नको. पहिला पाऊस पडला की जनावर माळावर घालायचं नाही. गवत वीतभर होऊ द्यायचं, तोवर बांधावरचं आणि झाडपाला. मग एक एक भाग चारायचा, आणि चारातला एक भाग त्या वर्षी अजिबात नाही. त्यातलं बी खाली गळू द्यायचं. पुढच्या वर्षी दुसरा भाग राखायचा. हे सांगायला सोपं, करायला कठीण, कारण श्रावणात राखलेला भागच सगळ्यात हिरवा दिसतो आणि शेरडाला ते तुमच्या आधी कळतं.

कुंपणाचं म्हणाल तर तारेत पैसे घालू नका. शेरडू तारेतून जातं आणि लांडगा तारेखालून येतो. घायपात लावा, सागरगोटा लावा, तीन-चार वर्षांत जिवंत कुंपण तयार होतं आणि फुकटात होतं. रात्रीला मात्र बंदिस्त जागा पाहिजेच. आम्ही वाघर लावतो, म्हणजे काठ्यांना बांधलेलं जाळं, आत मेंढरं, बाहेर कुत्री. वाघरीची खरी गंमत ही की ती हलवता येते. आज इथं, दोन दिवसांनी वीस पावलं पुढं. माळाचा जो तुकडा सगळ्यात उघडा पडलाय तिथं पावसाळ्याआधी रात्री जनावरं बसवत न्या. लेंडी आणि मूत तिथंच पडतं, खुरांनी वरची पापडी फुटते, आणि पावसात त्या जागेवर गवताचा रंग वेगळा दिसतो. तुम्ही शेण काढायचं नाही म्हणालात ना, ते असं जमतं.

जंतासाठी आम्ही लिंबाचा पाला घालतो, आमावस्येला. बाकी लशी वगैरे डॉक्टरांना विचारा.

निवृत्त_पशुधनपर्यवेक्षक

वाघरवाली ताईंचा चाऱ्याचा हिशेब चोख आहे. मी नोकरीत असताना असा हिशेब करून जनावरं घेणारी माणसं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी भेटली. लिंबाच्या पाल्याबद्दल मात्र माझा मतभेद. पाला जरूर घाला, खाद्य म्हणून चांगला आहे, पण जंताच्या औषधाला तो पर्याय नाही. तळ्याकाठी, दलदलीत चरणाऱ्या जनावरांना गोगलगायीतून यकृतकृमी होतो. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली की समजायचं. तिथं लिंब काही करत नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा औषध पाजा. त्याआधी चार-पाच जनावरांच्या लेंड्या दवाखान्यात तपासून घ्या, म्हणजे कुठलं औषध द्यायचं ते कळेल. दरवेळी एकच औषध पाजत राहिलात तर जंत त्याला दाद देईनासे होतात.

मोकळ्यावर चरणाऱ्या कळपाचा पहिला शत्रू आंत्रविषार. जूनचं कोवळं गवत हापापून खाल्लं की धडधाकट, पोटभरलेलं जनावर सकाळी मेलेलं सापडतं, आणि मालक म्हणतो साप चावला. लस मे महिन्यात द्या, पहिल्या वर्षी १५ ते २१ दिवसांच्या अंतरानं दोनदा, पुढं दरवर्षी पावसाळ्याआधी. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस करडू तीन-चार महिन्यांचं झालं की एकदा, संरक्षण साधारण तीन वर्षं मिळतं. लाळ-खुरकुताची लस दवाखान्यातून येते तेव्हा टाळू नका. कानात १२ आकडी बिल्ला मारून घ्या, त्यावर नोंदी राहतात, विम्यालाही तो लागतो.

बाजारातून आणलेलं जनावर लगेच कळपात सोडायचं नाही. तीन आठवडे वेगळं बांधा, वेगळी बादली, वेगळी वैरण. वीस शेळ्यांच्या कळपात पीपीआर घुसला तर मालकाला काही कळायच्या आत निम्मी करडं जातात.

चरताना दोन गोष्टींवर नजर ठेवायची. एक, ज्वारी काढल्यावर खोडक्याला येणारी फूट, किंवा पाण्याअभावी सुकलेली गुडघ्याएवढी ज्वारी. तिच्यात सायनाइडचं विष तयार होतं. जनावर तोंड घालतं, धापा टाकतं, आडवं पडतं. डॉक्टर पोचेपर्यंत संपतं. वाळलेल्या कडब्याला हा धोका नाही. दुसरं, घाणेरी. भुकेलेलं जनावर उन्हाळ्यात तिच्याकडं वळतं, मग कावीळ होते आणि उन्हात कातडी भाजते. सुबाभूळही एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर नको, केस गळतात.

जातीचं म्हणाल तर तुमच्या मुलखाला उस्मानाबादी. काळी, काटक, आणि वितेल तेव्हा दूधही देते. बोअर या परदेशी जातीचा मोह आवरा. वजनाला ती भारी आहे, पण वजन हे खुराकाचं असतं आणि तुमच्याकडं माळ आहे. पुढं कधी मेंढ्यांचा विचार केलात तर फलटणच्या निंबकर संस्थेनं तयार केलेल्या 'सुवर्णा'ची माहिती घ्या. बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळे मेंढीचा जुळ्याचा जनुक दख्खनी मेंढीत आणून त्यांनी हा वाण बांधलाय. पण जुळं होणं वेगळं आणि दोन्ही कोकरांना पुरेल एवढं दूध आईच्या कासेत असणं वेगळं. त्यासाठी गाभणपणी खुराक लागतोच, माळावर भागत नाही.

वीस शेळ्यांना एक बोकड पुरतो. दीड-दोन वर्षांनी तो बदला, नाहीतर स्वतःच्याच पाटींवर, म्हणजे तरण्या लेकींवर जातो आणि पिढी खुजी होत जाते. करडू जन्मलं की अर्ध्या-एक तासात चीक पाजा. वार पडायची वाट बघत बसू नका.

कोरडवाहू_जत

'५० अधिक २ चं युनिट' हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. आमच्या भागात एकानं असंच युनिट पोच दिलं, गाडीतून उतरवलं, फोटो काढले, 'माल आम्हीच परत घेणार' असा कागद करून दिला. शेळ्या निम्म्या म्हाताऱ्या निघाल्या, उरलेल्या कुठून कुठून गोळा केलेल्या, खोकत होत्या. माल परत न्यायची वेळ आली तेव्हा फोन बंद. नाव घेत नाही, इथं घेऊन उपयोगही नाही.

शेळी खरेदी करायची तर गावात, घरातून. आई बघायला मिळते, तिला जुळी झाली का ते शेजारी सांगतात. जमलंच नाही तर सांगोल्याचा रविवारचा बाजार, पण सोबत जाणता माणूस न्या. तोंड उघडून खालचे पुढचे दात बघा. दोन मोठे दात म्हणजे सव्वा-दीड वर्ष, चार म्हणजे दोनच्या आसपास, सहा म्हणजे तीन. आठी पूर्ण झाली की पुढं वय नीट कळत नाही, तेव्हा दात झिजलेत का, हलतात का बघायचं. दोन-दाती किंवा चार-दाती घ्या. कास हातानं चाचपा. दोन्ही सड चालू पाहिजेत, एखादा कडक गाठीसारखा लागला तर स्वस्तातही नको. गाभण म्हणून विकलेल्या शेळीचे पैसे गाभण म्हणून देऊ नका, विल्यावर कळेल. आणि सकाळी लवकर जा. उशिरा गेलात तर जनावरं पाणी पाजून फुगवलेली असतात.

विक्री जिवंत वजनावर करा, अंदाजानं नाही. एक काटा घ्या, पहिल्या सौद्यात वसूल होतो. बकरी ईदचा हिशेब धरून बोकड राखणार असाल तर लक्षात ठेवा, ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडं येते. ज्यानं त्याच महिन्याचा आडाखा बांधला तो फसला.

माणदेशी१२

सगळ्यांचे मनापासून आभार. शंभरावरून पंधरावर आलो, वडील हसले आणि म्हणाले, 'मी हेच सांगत होतो.' युनिटवाल्याला नाही म्हणून कळवलं.

तीन गोष्टी राहिल्या. आमच्या माळाला लागून गावचं गायरान आहे, पडीकच आहे. ते आमच्या कुंपणात घेता येईल का, किंवा ग्रामपंचायतीकडून भाड्यानं? दुसरं, पंधरा शेळ्यांमागं पगारी गडी परवडत नाही, आणि वडिलांना चालवत नाही. तिसरं, लांडग्याचं ताईंनी ओझरतं लिहिलं, आमच्याकडं खरंच आहेत. काय करायचं?

वाघरवाली (आटपाडी)

गायरानाला हात लावू नका. ती जागा गावच्या जनावरांची. सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आहे, गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायचा, आणि आपल्या राज्य सरकारनंही त्याच वर्षी त्यावर आदेश काढला. आज कुंपण घालाल, उद्या नोटीस येईल. त्यापेक्षा ग्रामसभेत विषय काढा की गायरानाचा अर्धा भाग एक पावसाळा राखू, गवत कापून न्यायची मुभा सगळ्यांना, चरायला नाही. नगरजवळच्या हिवरे बाजारनं चराईबंदी करून गवत कापून नेण्याची रीत बसवली आणि त्यांचं गवत वाढलं. तुमच्या गावाला एका दमात जमणार नाही, पण अर्धा भाग जमेल. आणि एक करा, गायरानातून आमच्या लोकांची मेंढरं जायची वाट असेल तर ती मोडू नका. उलट जाता-येता त्यांना तुमच्या दोन एकरात बसवा. दोन रात्रींत मिळणारं खत तुम्हाला बाजारात मिळायचं नाही.

गड्याचं काय? गावातल्याच एखाद्या बाईला शेळ्या अर्ध्या वाट्यानं द्या. जनावर तुमचं, राखण तिची, करडं निम्मी-निम्मी. ही पद्धत आमच्याकडं जुनी आहे आणि पगारी माणसापेक्षा चांगली चालते, कारण करडू मेलं तर तिचंही जातं. फक्त औषधपाण्याचा आणि लशीचा खर्च तुम्ही करायचा हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या, आणि मेलेलं जनावर कुणाच्या हिश्श्यातलं धरायचं तेही. न बोललेल्या गोष्टींवरून भांडणं होतात. वडिलांना बसून करायची कामं पुष्कळ आहेत. संध्याकाळी शेरडं परतताना मोजणं, कोण मागं राहतं, कोण लंगडतं, कुणाचं पोट डावीकडं बसलंय ते बघणं. हे गुडघ्याचं काम नाही, डोळ्याचं आहे, आणि ते विकत मिळत नाही.

लांडगा मोठ्या जनावरापेक्षा करडाच्या मागं असतो, आणि तो दिवेलागणीला नाहीतर झुंजुमुंजू असताना येतो. म्हणून दिवस मावळायच्या आत शेरडं आत आली पाहिजेत, मागं राहिलेलं करडू शोधायला अंधारात जायची वेळच येऊ नये. एकाऐवजी दोन कुत्री ठेवा, पिल्लं असल्यापासून शेरडांतच वाढवलेली, घराच्या दारात बांधलेली नव्हे. तरीही नेलं, तर मेलेलं जनावर जागचं हलवू नका. फोटो काढा, वनरक्षकाला त्याच दिवशी फोन करा, पंचनामा झाल्यावरच हलवा. वन विभाग भरपाई देतो, पण पंचनाम्याशिवाय नाही. विष मात्र कुणी सांगितलं तरी घालू नका. लांडगा मारणं गुन्हा आहे, आणि ते विष आधी तुमचीच कुत्री खातात.

आणखी एक, पावसाच्या आधीच करायचं. स्टायलो या चाऱ्याच्या झुडपाचं आणि अंजन गवताचं बी आत्ताच मिळवून ठेवा. कृषी विभागाकडं किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा, त्यांचं मारवेल गवत पण चांगलं आहे. नांगरायचं नाही, तुमची माती आधीच वीतभर. चढाच्या अंगाला आडव्या उथळ चऱ्या काढा, पहिला पाऊस झाला की त्यांच्या कडेनं बी मातीत मिसळून फेका. आणि वडिलांना विचारा, पूर्वी तुमच्या माळावर मारवेल कुठं यायचं. बांधाच्या कडंला अजून एखादा ठोंब जिवंत असेल, तर तो कोपरा या वर्षीचा राखीव धरा.